खरबुजाच्या फोडीवर चाललेली प्रयोगशाळा

प्रार्थनाकीटक पाळणे सोपे, त्याला रोज खाऊ घालणे अवघड. कुत्र्याला भाकरी चालते, पोपटाला पेरू चालतो. या कीटकाला मात्र जिवंत, हलणारे भक्ष्य लागते. समोर निपचित पडलेला किडा त्याच्या लेखी जवळजवळ नसतोच. म्हणून आज जगभर हौसेने प्रार्थनाकीटक पाळणारे लोक चिमट्यात माशी किंवा रातकिडा धरून तो त्याच्या डोळ्यांपुढे हळूहळू हलवतात. त्रिकोणी डोके वळते, नजर रोखली जाते आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत काटेरी पुढचे पाय भक्ष्यावर मिटतात.

दक्षिण फ्रान्समधल्या सेरिन्याँ नावाच्या खेड्यात १८९०च्या दशकात एका म्हाताऱ्या माजी शिक्षकाला हीच अडचण आली होती. त्यांच्याकडे एक-दोन नव्हे, जाळीच्या अनेक झाकणांखाली भरपूर प्रार्थनाकीटक होते आणि त्या सगळ्यांना रोज ताजे टोळ हवे होते. त्यांनी गावातल्या रिकाम्या फिरणाऱ्या पोरांना हाताशी धरले. मुलांनी सकाळ-संध्याकाळ कुरणातून जिवंत टोळ आणि नाकतोडे पकडून आणायचे, बदल्यात पावाचा तुकडा आणि खरबुजाची फोड घ्यायची. या सौद्यावर जी निरीक्षणे उभी राहिली, त्यांतून प्रार्थनाकीटकाची ओळख जगाला झाली. त्या शिक्षकाचे नाव ज्याँ-आँरी फाब्र.

गरिबीत गेलेली चाळीस वर्षे

फाब्र यांचा जन्म डिसेंबर १८२३चा. फ्रान्सच्या दक्षिणेकडील डोंगराळ, नापीक भागात सँ-लेओं हे त्यांचे गाव. घरची गरिबी इतकी, की खाणारे एक तोंड कमी व्हावे म्हणून लहानपणीची काही वर्षे आँरीला आजी-आजोबांकडे ठेवले गेले. तिथे गुरे, मेंढ्या, डबकी, बेडूक आणि भुंगे हीच त्याची सोबत होती. पुढे वडिलांनी निरनिराळ्या शहरांत छोटी उपाहारगृहे काढून पाहिली. एकही नीट चालले नाही. मुलाचे शिक्षण तुटत तुटत झाले. अखेर आविन्याँ शहरातील शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली आणि १८४२मध्ये, वयाची एकोणीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, तो कार्पांत्रा गावात शिक्षक झाला.

पगार तुटपुंजा होता आणि तोही वेळेवर मिळत नसे. फाब्र यांनी गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र स्वतःच शिकून पदव्या मिळवल्या. १८४९मध्ये कॉर्सिका बेटावरच्या आजाक्सिओ येथे नोकरी मिळाली. तिथे वनस्पतिशास्त्रज्ञ मोकँ-तांदों यांची गाठ पडली. त्यांनी शिवणाच्या डब्यातली साधी हत्यारे घेऊन गोगलगायीचे विच्छेदन करून दाखवले आणि गणिताच्या वाटेवर निघालेल्या या तरुणाला जिवंत प्राण्यांकडे वळवले. महागडी उपकरणे नसली तरी शास्त्र अडत नाही, हा धडा फाब्र यांना आयुष्यभर पुरला.

आविन्याँला परतल्यावर लेओं द्युफूर या ज्येष्ठ कीटकशास्त्रज्ञाचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. एक रानगांधीलमाशी आपल्या पिल्लांसाठी भुंगे पकडून बिळात साठवते आणि ते भुंगे कित्येक दिवस सडत नाहीत. माशी त्यांना मारते आणि एखादे टिकाऊ औषध टोचते, असे द्युफूर यांना वाटले होते. फाब्र यांनी स्वतः बिळे उकरली, भुंगे घरी आणले आणि त्यांच्यावर पहारा ठेवला. भुंगे मेलेले नव्हतेच. नांगी नेमकी मज्जातंतूंच्या गाठींवर बसल्यामुळे ते लुळे पडले होते. जिवंत होते म्हणून सडत नव्हते. हे संशोधन १८५५मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी त्याला फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले. चार्ल्स डार्विन यांनी १८५९च्या आपल्या ग्रंथात फाब्र यांच्या निरीक्षणांचा आदराने उल्लेख केला.

कीटकाला हाताने खाऊ घालून प्रश्न सोडवायचा, ही फाब्र यांची रीत याच धाग्यातून पुढे आली. नांगीने लुळ्या पडलेल्या एका मोठ्या नाकतोड्याला त्यांनी काडीच्या टोकावर साखरपाण्याचे थेंब घेऊन तोंडाशी धरले. पाय हलत नव्हते, पण तोंड हलले आणि थेंब पोटात गेला. असे भरवलेले कीटक बरेच दिवस जगले. लुळेपणा म्हणजे मरण नव्हे, हे यापेक्षा सोप्या रीतीने दाखवता आले नसते. गांधीलमाशीच्या अळ्यांना त्यांच्या आईने कधीच आणले नसते असे भक्ष्य देऊन त्या वाढतात का, हेही त्यांनी पाहिले. यासाठी लागला तो वेळ, संयम आणि बारीक चिमटा.

लुई पाश्चर १८६५मध्ये रेशमाच्या किड्यांच्या रोगाचा शोध घेत दक्षिणेत आले, तेव्हा ते फाब्र यांच्या घरी गेले होते. त्यांनी रेशमाचा कोश हातात घेतला, कानाशी हलवला आणि आत काही आहे हे ऐकून त्यांना नवल वाटले. आत किडा असतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. फाब्र यांना आधी धक्का बसला, पण पुढे त्याच पाश्चर यांनी रेशीम उद्योग सावरला. काहीच गृहीत न धरता विषयाकडे जाण्याचे बळ मोठे असते, असा अर्थ फाब्र यांनी त्यातून काढला.

पैशाची चणचण मात्र संपत नव्हती. मंजिष्ठाच्या जातीच्या एका झाडाच्या मुळांपासून लाल रंग मिळवण्याची सुधारित पद्धत शोधण्यात फाब्र यांनी अनेक वर्षे घातली. ती हाती येत होती तोच जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तोच रंग कृत्रिमरीत्या तयार केला आणि मुळांचा धंदाच बुडाला. शिक्षणमंत्री व्हिक्तोर द्युरुई यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी प्रौढांसाठी संध्याकाळचे विनामूल्य वर्ग सुरू केले. त्या वर्गांना मुलीही येत. फुलांत परागण कसे होते, हे त्यांनी मुलींसमोर सांगितल्याचे निमित्त झाले आणि सनातनी मंडळी खवळली. ज्या घरात ते भाड्याने राहत होते त्याच्या मालकिणींनी महिन्याभरात घर सोडायला सांगितले. भाड्याचा कागद केलेला नव्हता, त्यामुळे दाद मागायची सोय नव्हती. पदरी मोठे कुटुंब आणि हाती पैसा नाही, अशा वेळी आविन्याँत राहणारे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी तीन हजार फ्रँक उसने दिले. दोघांना वनस्पतींचा नाद होता आणि ते एकत्र रानात फिरत. फाब्र यांनी ते पैसे पुढे फेडले.

नोकरी सोडून ते ओरांज गावी गेले आणि शाळकरी मुलांसाठी विज्ञानाची पुस्तके लिहून घर चालवू लागले. त्याच काळात, १८७७मध्ये, त्यांचा मुलगा ज्यूल सोळाव्या वर्षी वारला. कीटकांच्या मागे रानोमाळ हिंडताना हाच मुलगा सर्वांत जास्त बरोबर असे. फाब्र यांनी काही नव्या जातींना त्याचे नाव दिले.

दगडधोंड्यांची जमीन

पुस्तकांच्या कमाईतून १८७९मध्ये त्यांनी सेरिन्याँजवळ सुमारे एक हेक्टर जागा घेतली. तिथल्या बोलीत अशा ओसाड, दगडाळ, पेरणीला निरुपयोगी जमिनीला आर्मास म्हणतात. शेतकऱ्याने फुकट दिली तरी घेतली नसती, अशी ती जागा होती. काटेरी झुडपे, रानटी थाईम, लव्हेंडर आणि त्यांवर घोंगावणाऱ्या माश्या. फाब्र यांना नेमके हेच हवे होते. वय पंचावन्न होते. अशा जागेसाठी त्यांनी चाळीस वर्षे वाट पाहिली होती. त्याच वर्षी त्यांच्या कीटकविषयक आठवणींचा पहिला खंड निघाला. १९०७पर्यंत असे दहा खंड प्रसिद्ध झाले.

प्रार्थनाकीटकाची प्रकरणे पाचव्या खंडात, १८९७मध्ये आली. प्रोव्हान्सच्या लोकांना हा कीटक चांगला माहीत होता. पुढचे पाय जोडून गवतात उभा राहणारा हा हिरवा प्राणी देवाची प्रार्थना करतो, अशी समजूत होती आणि बोलीतले त्याचे नावही त्याच अर्थाचे होते. आपल्याकडेही त्याला खंडोबाचा किडा म्हणतात. देवाचे नाव चिकटलेल्या या कीटकाचे जेवण कसे असते, हे बारकाईने पाहायला मात्र फारसे कोणी बसले नव्हते.

फाब्र यांनी ऑगस्ट महिन्यात, माद्या जाड होऊ लागल्यावर, त्या गोळा केल्या. अन्नावर माश्या बसू नयेत म्हणून स्वयंपाकघरात वापरतात तसली तारेच्या जाळीची झाकणे घेतली. खाली वाळू भरलेली मातीची परळ, आत सुकलेल्या थाईमची एक जुडी आणि अंडी घालण्यासाठी एक सपाट दगड. एवढीच त्यांची प्रयोगशाळा. ही झाकणे त्यांनी दिवसभर ऊन येईल अशा टेबलावर मांडली. मग रोज चारा. माद्या खादाड तर होत्याच, शिवाय उधळ्याही होत्या. पकडलेल्या टोळाचे चार घास खाऊन तो टाकून द्यायच्या आणि दुसऱ्याकडे वळायच्या. मुलांनी आणलेला साठा संध्याकाळपर्यंत संपायचा.

मुलांचे टोळ रोजच्या जेवणासाठी होते. मोठे भक्ष्य फाब्र स्वतः जाळे घेऊन शोधत. मादीहून आकाराने मोठा राखी टोळ, दणकट जबड्याचा पांढऱ्या कपाळाचा नाकतोडा, गोलाकार जाळे विणणारे मोठे कोळी, असे एकेक पाहुणे त्यांनी झाकणाखाली सोडले. एखादी मादी कुठपर्यंत मजल मारते, हे त्यांना पाहायचे होते. तिने एकालाही सोडले नाही.

मोठा टोळ दिसताच मादी एकदम ताठ उभी राहायची. पंख दोन्ही बाजूंना उघडून शिडासारखे उभारायची, पोट वरखाली करत फुसफुस आवाज काढायची आणि पुढचे पाय फाकवून त्यांच्या आतल्या बाजूचे काळे-पांढरे ठिपके दाखवायची. टोळाला उडी मारून निसटणे सहज शक्य असे, पण तो जागच्या जागी खिळायचा. कधी तर हळूहळू तिच्याच दिशेने सरकायचा. पुढच्या क्षणी काटेरी पायांची मिठी बसायची. एकदा पकडले की मादी मानेच्या मागच्या बाजूने खायला सुरुवात करते, हे फाब्र यांनी पुन्हा पुन्हा पाहिले. त्याचे कारणही त्यांच्या लक्षात आले. मानेजवळची मज्जातंतूंची गाठ कुरतडली की भक्ष्याची धडपड थांबते आणि मग उरलेले जेवण शांतपणे करता येते. शेवटी पंख आणि थोडे कडक अवशेष तेवढे उरत.

फाब्र यांनी नोंदवलेला सर्वांत गाजलेला प्रकार म्हणजे मादीने नराला खाणे. एकाच झाकणाखाली ठेवलेल्या माद्या अंडी धरू लागल्या की एकमेकींवरही तुटून पडत. मीलनानंतर, कधी मीलन चालू असतानाच, मादी नराला मानेपासून खायला लागे. एका मादीने दोन आठवड्यांत सात नर संपवलेले त्यांनी पाहिले. डोके आणि मान गेलेला नरसुद्धा मीलन चालूच ठेवतो, हेही त्यांनी लिहिले. जेवणाची ददात नसताना हे घडत होते, म्हणून केवळ भूक हे कारण त्यांना पटत नव्हते.

या नोंदींवर पुढे शंभर वर्षे संशोधन होत राहिले. अमेरिकी शास्त्रज्ञ केनेथ रोडर यांनी १९३५मध्ये दाखवले, की नराच्या डोक्यातील मज्जागाठ मीलनाच्या हालचालींना लगाम घालत असते. डोके गेले की लगाम सुटतो आणि पोटातील मज्जागाठी आपले काम चालू ठेवतात. १९८०च्या दशकात दुसऱ्या एका जातीच्या, भरपूर खाऊ घातलेल्या आणि कोणी त्रास न दिलेल्या जोड्यांचे चित्रण करण्यात आले. त्यांत माद्यांनी नरांना खाल्ले नाही. उलट नर मादीजवळ येताना बराच वेळ नृत्यासारख्या हालचाली करतात, हे दिसले. रानातही मादी नराला खाते, पण प्रत्येक मीलनात नाही. खाल्लेल्या नराचे पोषण अंड्यांत उतरते, हेही आता माहीत आहे. फाब्र यांनी पाहिलेले खोटे नव्हते. मात्र जाळीखालच्या नराला पळायला जागा नसते, हेही त्या चित्रात धरावे लागते. म्हणजे त्यांच्या टेबलावर जे दिसले ते कीटकाच्या स्वभावाचे होते आणि काही अंशी पिंजऱ्याचेही.

घरट्याचे औषध

प्रार्थनाकीटकाची मादी शरद ऋतूत अंडी घालते, तेव्हा शरीराच्या मागच्या टोकातून चिकट द्रव सोडते आणि तो घुसळून फेस करते. फेस वाळून साधारण चार सेंटिमीटर लांबीचे, स्पंजासारखे, तपकिरी घरटे तयार होते. त्यात शेकडो अंडी असतात. फेसात कोंडलेली हवा थंडीपासून अंड्यांचे रक्षण करते. आपल्या स्वेटरमधल्या हवेचे काम तेच.

प्रोव्हान्सच्या खेड्यांत हे घरटे औषध मानले जाई. हिवाळ्यात हातापायांची बोटे लाल होऊन सुजतात, खाजतात, कधी फुटतात. त्यावर घरटे पिळून, दाबून चोळायचे. दात दुखत असेल तर ते जवळ बाळगायचे. बायका ते ठरावीक तिथीला गोळा करून कपाटात जपून ठेवत आणि शेजारणीला गरज लागली तर उसने देत.

फाब्र यांनी या औषधाची थट्टा केली नाही आणि त्यावर विश्वासही ठेवला नाही. १८९५च्या कडक हिवाळ्यात घरातल्यांची बोटे सुजली, तेव्हा त्यांनी ते स्वतःला आणि घरातल्यांना लावून पाहिले. कोणालाही गुण आला नाही. मग ही समजूत आली कुठून, याचा त्यांनी विचार केला. तिथल्या बोलीत त्या सुजेला आणि या घरट्याला एकच शब्द होता, तिग्नो. नाव एक, म्हणून औषधही तेच, असा त्यांचा तर्क होता.

आजचे वैद्यकशास्त्र त्यात आणखी एक गोष्ट सांगते. थंडीत त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, मग ऊब मिळाल्यावर रक्त एकदम येते आणि बोटांना सूज व खाज येते. हा त्रास बहुधा एक ते तीन आठवड्यांत आपोआप बरा होतो. त्या काळात जे काही चोळले असेल, त्याला श्रेय मिळते. दातदुखीही कमीजास्त होत राहते. आपोआप बरे होणाऱ्या दुखण्यांवरची कित्येक घरगुती औषधे याच वाटेने नाव कमावतात. औषध लावलेल्यांची तुलना न लावलेल्यांशी केल्याशिवाय खरे-खोटे कळत नाही. फाब्र यांच्या घरातला प्रयोग तसा छोटा होता, पण ऐकीव गोष्ट स्वतः तपासायची ही त्यांची सवय त्यात दिसते.

पिल्लांनी काहीच खाल्ले नाही

जून महिन्याच्या मध्यावर, सकाळच्या उन्हात, घरटी फुटली आणि इवलीशी पिल्ले शेकड्यांनी बाहेर पडली. बाहेर मुंग्या आणि पाली टपलेल्या होत्याच. शेकडो पिल्लांतली थोडीच जगतात, आणि म्हणूनच अंडी इतकी असतात, हे फाब्र यांनी ओळखले. काही पिल्ले त्यांनी जाळीखाली सुरक्षित ठेवली. आता प्रश्न पुन्हा खाण्याचा होता. या वेळी गावातल्या पोरांचा उपयोग नव्हता, कारण टोळ या पिल्लांहून कितीतरी मोठे.

त्यांनी गुलाबाच्या फांदीवरचा मावा आणून दिला. पिल्लांनी तोंड लावले नाही. जाळ्यात सापडतील तेवढी बारीक चिलटे दिली. नकार. माशीचे आणि टोळाचे तुकडे दिले. नकार. कदाचित लहानपणी हे शाकाहारी असतील, म्हणून कोवळा सॅलडपाला आणि मधाचे थेंबही ठेवून पाहिले. पिल्ले एकामागून एक उपाशी मेली. शेकडो टोळ फस्त करणाऱ्या माद्यांच्या त्या पोशिंद्याला त्यांची पिल्ले जगवता आली नाहीत.

हे अपयश लपवणे सोपे होते. मोठ्या माद्यांच्या शिकारीची वर्णने एवढी रंगतदार होती, की पिल्लांची आठवण कोणी काढली नसती. फाब्र यांनी कोणते खाणे दिले, कोणते नाकारले गेले, हे सगळे क्रमाने लिहून ठेवले. पूर्वी दुसऱ्या एका कीटकाच्या अळीने असेच सर्व नाकारले होते आणि बऱ्याच वर्षांनी तिचे खरे पहिले अन्न मधमाशीचे अंडे आहे, हे त्यांना सापडले होते. तशीच एखादी वेगळी सुरुवात इथेही असेल, असा त्यांचा अंदाज होता.

आता प्रार्थनाकीटकाची पिल्ले घराघरांत वाढवली जातात. केळ्याच्या सालीवर घोंगावणाऱ्या फळमाश्या त्यांना जिवंत सोडतात, आणि पिल्ले त्या पकडतात. अंड्यातून आल्यावर पहिले काही तास-दिवस ती खात नाहीत, हेही पाळणाऱ्यांना माहीत आहे. पिल्ले जन्मापासून शिकारी असतात. मात्र अलीकडच्या काळात, कीटक मिळत नसताना काही जातींची पिल्ले परागकण खाऊनही तग धरतात, असे आढळले आहे. म्हणजे थोड्या शाकाहाराची फाब्र यांची शंका अगदीच वावगी नव्हती.

हाताने भरवताना हलणारेच भक्ष्य का लागते, याचेही उत्तर आता मिळाले आहे. प्रार्थनाकीटकाचे दोन मोठे डोळे एकाच वस्तूकडे रोखलेले असतात आणि दोन्हींतल्या चित्रांच्या फरकावरून तो अंतर मोजतो. इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठात या कीटकांच्या डोळ्यांवर मेणाने चिमुकले रंगीत चष्मे चिकटवून त्यांना चित्रपट दाखवले गेले. पडद्यावरचा ठिपका जवळ असल्याचा भास झाला की ते पायांनी झडप घालत. पुढे असेही दिसले, की त्यांची ही दृष्टी जिथे हालचाल होते तिथेच काम करते. स्थिर जगाची खोली मोजण्याची त्यांना गरज नसते.

हा कीटक घरी पाळणाऱ्याने काही साध्या गोष्टी पाळायच्या असतात. तो विषारी नाही, फार तर बोटाला काटे टोचतील. म्हणून भक्ष्य बोटांनी न धरता चिमट्याने धरावे. भक्ष्य त्याच्या डोक्याहून फार मोठे असू नये. फवारणी झालेल्या शेतातले किडे देऊ नयेत, त्यांतले विष त्याच्या पोटात जाते. पाणी वाटीत ठेवण्याऐवजी जाळीवर बारीक शिंपडावे, तो थेंब पितो. कात टाकायच्या आधी तो खाणे थांबवतो आणि उलटा लटकून राहतो. त्या वेळी त्याला भरवण्याचा आग्रह करू नये आणि उरलेला रातकिडा तर आत मुळीच ठेवू नये. मऊ अंगाच्या शिकाऱ्यालाच तो कुरतडतो. आणि दोन प्रार्थनाकीटक एका डब्यात ठेवायचे नाहीत. त्याचा परिणाम फाब्र यांनी लिहून ठेवलाच आहे.

उत्क्रांतीचा सिद्धांत फाब्र यांनी शेवटपर्यंत मानला नाही. कीटकांची उपजत बुद्धी इतकी नेमकी, की ती हळूहळू घडली असेल हे त्यांना पटेना. या बाबतीत काळाने त्यांना चूक ठरवले. तरी डार्विन आणि त्यांच्यातला पत्रव्यवहार सौजन्याचा होता. घरापासून दूर नेऊन सोडलेल्या माश्या परत कशा येतात, हे तपासण्यासाठी डार्विन यांनी सुचवलेला प्रयोगही फाब्र यांनी करून पाहिला. मत जुळत नसलेल्या माणसाच्या प्रयोगासाठी उन्हात फिरणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही.

पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांनी दुसरे लग्न केले. त्या संसारातला मुलगा पॉल पुढे वडिलांच्या कीटकांची छायाचित्रे काढू लागला. पुस्तकांची विक्री मात्र घटत गेली आणि ऐंशी उलटल्यावर पुन्हा चणचण आली. १९१०मध्ये चाहत्यांनी सेरिन्याँला त्यांचा सत्कार घडवून आणला, तेव्हा कुठे देशाला त्यांची आठवण झाली. सरकारने वेतन दिले, नोबेल साहित्य पुरस्कारासाठी त्यांचे नाव सुचवले गेले. तोवर दृष्टी आणि पाय दोन्ही थकले होते. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, आर्मासमध्ये त्यांचे निधन झाले. पुढे त्यांची पुस्तके अनेक भाषांत गेली. जपानमध्ये तर ती पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुले वाचत आली आहेत.

फ्रान्स सरकारने १९२२मध्ये ते घर आणि ती जमीन विकत घेतली. आज तिथे संग्रहालय आहे. बाहेरच्या दगडाळ जागेत थाईम आणि लव्हेंडर उगवते, आणि त्या झुडपांत उन्हाळ्याच्या अखेरीस प्रार्थनाकीटकाच्या माद्या पुढचे पाय जोडून टोळांची वाट पाहत असतात. तिथे मात्र त्यांना खाऊ घालणारे कोणी नाही. आपले जेवण त्या आपणच मिळवतात.